शेजारच्या घरातली पुस्तके

समाजाने काय वाचले आणि काय पाहिले, याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. मराठी कादंबरीचा इतिहास आहे, उर्दू अफसान्याचा आहे, बोलपटांचाही आहे. पण एखाद्या समाजाने काय वाचलेच नाही, काय पाहिलेच नाही, आणि ते का, याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. माझ्या मते तोही इतिहासच आहे. त्यालाही कारणे आहेत, तारखा आहेत, आणि परिणाम तर आहेतच.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझे स्वतःचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले, बी.एड. मराठीतून. ज्या पुस्तकांवर महाराष्ट्रातली शिकलेली घरे दोन-तीन पिढ्या वाढली, ती 'श्यामची आई', 'बटाट्याची चाळ', 'स्वामी', 'मृत्युंजय' आमच्या घरात नव्हती. सिनेमाही नव्हता. 'शोले' मी आजतागायत पाहिलेला नाही. यात तक्रार नाही आणि फुशारकीही नाही. वऱ्हाडातल्या उर्दू शाळांतून शिकलेल्या हजारो मुला-मुलींची हीच गोष्ट आहे, म्हणून ती मांडायची.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सिनेमा न पाहणारे घर म्हणजे मुसलमान घर, असे समीकरण अनेकांच्या डोक्यात असते. वऱ्हाडात ते खरे नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या कित्येक वारकरी घरांतही सिनेमाचे तिकीट काढणे चांगले मानले जात नसे. आमच्या विदर्भातच, सेवाग्रामला, ज्यांनी आश्रम उभारला त्या गांधीजींचेही सिनेमाबद्दल मत चांगले नव्हते. १९४४ साली जुहूला मुक्कामी असताना त्यांनी विजय भट्ट यांचा 'रामराज्य' पाहिला, एवढीच त्यांच्या हिंदी सिनेमा पाहण्याची ठळक नोंद सांगितली जाते. म्हणजे न पाहणे ही या मातीतली जुनी आणि प्रतिष्ठित गोष्ट आहे. प्रश्न सुरू होतो तो पुढे. जे सगळ्यांनी पाहिले-वाचले आहे असे गृहीत धरून समाज बोलतो, ते ज्याच्याजवळ नाही त्याचे काय होते, हा तो प्रश्न.

निरक्षर दादीचे दोन खजिने

माझी दादी शाळेत गेली नव्हती. कुराण शरीफ तिला वाचता येत होते, पण उर्दू लिहिता येत नव्हती आणि मराठी वाचता येत नव्हती. तरी तिच्याजवळ दोन्ही भाषांचे धन होते. कापूस वेचायला आणि निंदणाला गावच्या बायांबरोबर गेल्यामुळे जात्यावरच्या ओव्या तिला पाठ होत्या. घरी मिलादमध्ये नात आणि सलाम ती म्हणत असे. गावात भारूड, दंडार, गोंधळ व्हायचा तो तिने ओसरीवरून ऐकलेला. मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांच्या उर्साला सगळ्या जातींची माणसे येत. तिथली कव्वाली जशी तिची होती तशीच शेजारच्या पाटलिणीचीही होती.

हे काही आमच्या घराचे वैशिष्ट्य नव्हते. वऱ्हाडावर इमादशाही होती तेव्हापासून निजामाच्या अमलापर्यंत फारसी दरबारात होती, पण शेतसाऱ्याचा हिशेब आणि गावगाडा मराठीतच चालत असे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. ऐकण्याच्या जगात भिंती कमी असतात. कानाला लिपी लागत नाही.

मग भिंत आली कुठून? ती साक्षरतेबरोबर आली. हे वाक्य एका शिक्षिकेने लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल, पण इतिहास असाच दिसतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. बासिम, म्हणजे आजचे वाशिम, पुढे जिल्ह्याचे ठिकाण झाले. कचेरीची भाषा मराठी राहिली. मराठी शाळा निघाल्या आणि मुसलमान वस्त्यांसाठी उर्दू शाळा निघाल्या. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, १९०५ मध्ये बासिम जिल्हा मोडला गेला आणि बासिम अकोल्यात घातले गेले. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. राज्ये बदलली, नकाशे बदलले, पण दोन शाळांची दोन दारे तशीच राहिली.

शेजारच्या हिंगोलीकडे पाहिले की याची दुसरी बाजू कळते. हिंगोली १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. तिथे सरकारी भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्यामुळे मराठी घरातल्या मुलालाही उर्दूतून शिकावे लागे. त्या सक्तीची कडवट आठवण त्या पिढीने जपली, आणि ते साहजिक होते. पण त्याच संस्थानात निजामाच्या नोकरीत राहिलेल्या सेतुमाधवराव पगडींनी पुढे गालिब आणि इक्बाल मराठी वाचकाच्या हातात ठेवला. वाशिम आणि हिंगोली यांच्यात पन्नासेक किलोमीटरचे अंतर. एकीकडे भाषा लादली गेली आणि काही जणांनी तिचे सोने केले. दुसरीकडे कुणी कुणावर काही लादले नाही, आणि शेजारी शेजाऱ्याच्या कपाटाबद्दल अनोळखी राहिला.

एकच 'बालभारती', दोन वाचनमाला

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, ज्याला आपण सगळे 'बालभारती' म्हणतो. या मंडळाचे उपकार उर्दू शाळांवर मोठे आहेत. गणित, विज्ञान, भूगोल, शिवकालाचा इतिहास ही सगळी पुस्तके आमच्या मुलांना आपल्या भाषेत आणि अल्प किमतीत मिळाली. त्यामुळे मराठी शाळेतला आणि उर्दू शाळेतला मुलगा एकच भूमिती शिकतो, सह्याद्रीच्या त्याच रांगा पाठ करतो. फरक पडतो तो भाषेच्या पुस्तकात. एकाच्या वाट्याला साने गुरुजी, बालकवी, बहिणाबाई येतात. दुसऱ्याच्या वाट्याला इस्माईल मेरठी, हाली, इक्बाल येतात. दहावीला मराठी शाळेत 'कुमारभारती' असते, आमच्याकडे द्वितीय भाषेची 'अक्षरभारती'. दोन्ही पुस्तके चांगली आहेत. पण द्वितीय भाषेच्या पुस्तकाचा हेतू भाषा शिकवणे हा असतो. त्या भाषेचे लाड त्यात मावत नाहीत.

लाड होतात ते शाळेबाहेर. याच मंडळाचे 'किशोर' मासिक १९७१ च्या बालदिनाला सुरू झाले आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांचे सोबती झाले. उर्दू मुलांसाठी दिल्लीहून 'खिलौना' येत असे, आणि कृश्न चंदर यांच्यासारखे मोठे लेखक त्यात मुलांसाठी लिहीत. जामियाचे 'पयामे तालीम' येत असे. बार्शीटाकळीच्या महबूब राहींच्या बालकविता आमच्या मुलांनी म्हटल्या. बार्शीटाकळी अकोला जिल्ह्यातली, म्हणजे घरचीच. पण बार्शीटाकळीतल्याच मराठी शाळेतल्या मुलाला आपल्या गावात मुलांचा एक कवी राहतो हे ठाऊक असेल, याची खात्री कोण देईल?

तेव्हा न वाचलेल्या पुस्तकांची यादी एकट्या आमची नाही. ती दोन्ही घरांत आहे. फरक एवढाच की आमची यादी लोकांना दिसते, कारण राज्यात मराठी वाचणारे जास्त आहेत. त्यांची यादी त्यांना स्वतःलाही दिसत नाही.

कधीच न भेटलेले गुप्तहेर

याचे सर्वांत गमतीचे उदाहरण रहस्यकथांचे आहे. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' ही मालिका सुरू झाली. लेखक इब्ने सफी, खरे नाव असरार अहमद. त्यांचे कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद, आणि १९५५ नंतरचा इमरान, यांनी उर्दू वाचणाऱ्या घरांना वेड लावले. लेखक १९५२ मध्येच पाकिस्तानात गेला, पण पुस्तके दोन्ही देशांत निघत राहिली. एक आणा रोज भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांना लोक 'आना लायब्ररी' म्हणत. घरातल्या वडीलधाऱ्यांना कादंबरी वाचणे पसंत नसे, तिथे ही पुस्तके गादीखाली असत. कित्येकांची उर्दू मदरशापेक्षा फरीदी-हमीदनेच पक्की केली, असे जुने लोक हसून सांगतात.

त्याच काळात मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे राज्य होते. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक मराठी घरांत असाच गादीखाली होता. तिथेही वडीलधारे असेच रागावत होते. एकाच स्टेशनच्या बाकावर, एकाच गाडीची वाट पाहत, एक मुलगा फरीदीत बुडालेला आणि दुसरा झुंजारमध्ये. दोघांनाही मार एकाच गुन्ह्यासाठी बसायचा, आणि दोघांना एकमेकांच्या गुन्ह्याची खबर नव्हती.

इब्ने सफी देवनागरीत आला तो हिंदीतून. आणि येताना त्याच्या नायकांची नावे बदलली. फरीदीचा विनोद झाला, इमरानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. प्रकाशकाने धंद्याचा विचार केला असेल, त्याला दोष द्यायचे कारण नाही. पण लिपी ओलांडताना माणसाला नाव बदलावे लागते, ही गोष्ट इतिहासाने टिपून ठेवण्यासारखी आहे.

पडद्यावरचे शेजारी

सिनेमाने ही भिंत ओलांडायचा प्रयत्न लवकर केला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. पुढच्याच वर्षी प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीतही काढला. १९४१ साली व्ही. शांताराम यांनी 'शेजारी' काढला आणि त्याचीच हिंदी आवृत्ती 'पडोसी'. एका गावातले दोन जिवलग मित्र, एक पाटील आणि एक मिर्झा. धरणासाठी त्यांच्यात फूट पाडली जाते आणि अखेर फुटणाऱ्या धरणात दोघे एकत्र जातात. कथा विश्राम बेडेकरांची. 'पडोसी'त मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले आणि हिंदू ठाकूरचे मजहर खान यांनी. ज्या साली देशात फाळणीची भाषा वाढत होती, त्या साली हा खेळ दोन भाषांत दाखवला गेला, म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांना आपापल्या भाषेत पाहता यावा.

आणखी एक योग पाहा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावरचा हा १९५३ चा सिनेमा. दुसऱ्या वर्षीचे सुवर्णपदक सोहराब मोदींच्या 'मिर्झा गालिब'ला. कथा मंटोची, संवाद राजिंदर सिंह बेदींचे. देशाने लागोपाठ दोन वर्षांत कोकणातल्या एका आईचा आणि दिल्लीतल्या एका शायराचा असा सन्मान केला. आमच्यासारख्या घरांनी यातले काहीच पाहिले नाही. तरी एक गोष्ट घडली. रेडिओ सिलोनवरून १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' येऊ लागली आणि अमीन सायानींचा आवाज सिनेमा न पाहणाऱ्या घरांतही पोहोचला. दादीने 'मुगल-ए-आझम'चा पडदा पाहिला नाही, पण नौशादच्या चाली तिला येत होत्या, आणि मिलादमधल्या काही नातांची चाल कुठून आली आहे हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नसे. पुढे १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर 'महाभारत' आले, त्याचे संवाद राही मासूम रझांचे. आमच्या मोहल्ल्यातही ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या अंगणात सगळे, असे मोठी माणसे सांगतात. कानाची वाट पुन्हा एकदा डोळ्याच्या आधी उघडली होती.

सखाराम गटण्याचे हसू

बी.एड.च्या वर्गात एकदा सरांनी एका विद्यार्थ्याला 'अरे सखाराम गटण्या' म्हटले. सगळा वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला काही कळले नाही. शेजारच्या मैत्रिणीने विचारले, 'तू पु. ल. वाचले नाहीस?' तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, निखळ आश्चर्य होते. दुसरा एक जण मात्र म्हणाला, 'त्यांच्यात वाचत नसतील.' त्या 'त्यांच्यात' या शब्दाने जे केले, ते न वाचलेल्या पुस्तकाने केले नव्हते.

पुढे मी 'व्यक्ती आणि वल्ली' मिळवून वाचले. १९६५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले ते पुस्तक. गटणे हा पुस्तकी मराठी बोलणारा, वाचून वाचून भाषा कमावलेला मुलगा. मला तो वल्ली वाटलाच नाही. तो माझ्या शाळेतला विद्यार्थी वाटला. उर्दू शाळेतली मुले मराठी पाठ्यपुस्तकातून शिकतात. त्यामुळे त्यांची मराठी अशीच शुद्ध, जपून उचललेली आणि थोडी हसू येणारी असते. बसमध्ये 'कृपया मला आसन मिळेल काय' म्हणणारा मुलगा मी पाहिला आहे. पुलंनी गटण्याची चेष्टा प्रेमाने केली आहे आणि शेवटी त्याला जवळ घेतले आहे. ते प्रेम कळायला पुस्तक हातात यावे लागते. नुसते नाव ऐकून फक्त हसू पोहोचते, प्रेम पोहोचत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, बँकेच्या खिडकीपाशी आमच्या मुलांना नेमके हेच सोसावे लागते. व्याकरणाची परीक्षा ते पास होतात. समाज घेतो ती दुसरीच परीक्षा असते. कोणत्या विनोदावर तू हसतोस, लहानपणी कोणते गाणे म्हणायचास, हे त्या परीक्षेतले प्रश्न. त्यांची उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतात. आणि उत्तर न आले की माणूस नापास न ठरता परका ठरतो.

थोर ते आले, लाडके राहिले

भिंतीला खिडक्या पाडणारे लोक नव्हते असे नाही. माधव ज्युलियनांनी फारसी-मराठी कोश केला आणि गझल मराठीत आणली. अमरावतीच्या सुरेश भटांनी तिला मराठीत घर दिले. मतला, काफिया, रदीफ हे शब्द आज मराठी कवी आपलेच म्हणून वापरतो. पलीकडून कोकणातल्या बदीउज्जमा खावर यांनी मराठी कविता उर्दूत नेली. युनूस अगासकरांनी मराठी साहित्याची उर्दू वाचकांना ओळख करून दिली. सलाम बिन रज्जाक यांनी मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' उर्दूत नेली. डॉ. यू. म. पठाण १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी त्यातून एक चळवळ उभी केली. हे वार्षिक हातात घेणारा वाचक त्याच वाटेवरचा आहे.

पण या देवाणघेवाणीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट जाणवते. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जे गेले ते मुख्यतः थोर साहित्य होते. गालिब आला, मंटो आला, इक्बाल आला. तिकडे कविता गेली, गंभीर कादंबरी गेली. फरीदी-हमीद मराठी वाचकाच्या घरी आले नाहीत, झुंजार आमच्या घरी आला नाही. 'खिलौना'तल्या गोष्टी 'किशोर'च्या वाचकाला भेटल्या नाहीत. थोर पुस्तकाला आपण नमस्कार करतो, लाडके पुस्तक आपल्याबरोबर मोठे होते. शेजारधर्म जुळतो तो लाडक्या गोष्टींवर. शेजारणीच्या देव्हाऱ्याचा आपण आदर करतो, पण मैत्री होते ती वाटीभर भाजीवरून, एका गाण्यावरून, एकदम आलेल्या हसण्यावरून. वाचकहो, आपण अनुवादकांनी आदर पोहोचवला. वाटीभर भाजी पोहोचवायची राहून गेली.

कादंबरीच्या उगमाकडे गेले तरी हे किती जवळचे होते ते दिसते. मराठीतली पहिली मानली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ ची, बाबा पदमनजींची, विधवांच्या हालांची कहाणी. उर्दूतली पहिली मानली जाणारी 'मिरातुल उरूस' १८६९ ची, डिप्टी नजीर अहमद यांची, अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची, मुलींच्या तालमीची कहाणी. बारा वर्षांच्या अंतराने दोन्ही भाषांनी कादंबरीचे पहिले पाऊल टाकले, आणि दोघींनीही ते घरातल्या बाईकडे वळून टाकले. वेगळी पुस्तके वाचून वाढलेल्या आपल्या आज्या एकाच प्रश्नाशी झुंजत होत्या.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक केले. उर्दू शाळांत मराठी आधीपासूनच होती, त्यामुळे आमच्याकडे फारसे काही बदलले नाही. कायदा तास वाढवू शकतो, आवड वाढवणे त्याच्या हातात नसते. ते काम शिक्षकाचे आणि दोन्ही भाषा येणाऱ्या वाचकाचे आहे. 'किशोर'चे जुने अंक आता संगणकावर मोफत वाचायला मिळतात. आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला त्यातली एक गोष्ट मी मोठ्याने वाचते. परीक्षा नाही, प्रश्नोत्तरे नाहीत. मुले ऐकतात. मध्येच एखादा शब्द अडला की एखादी मुलगी तो उर्दूत सांगते आणि गोष्ट पुढे जाते. एकदा एका मुलाने उलट मला विचारले, 'मॅडम, हमारी कहानी उनको कौन सुनाता?'

या प्रश्नाचे उत्तर मला शाळेत देता येणार नाही. ते या वार्षिकाच्या वाचकांनी द्यायचे आहे. मराठी आपल्या हातात आहे आणि उर्दू आपल्या घरात आहे. महाराष्ट्रात इतक्या सहजपणे दोन्ही कपाटांच्या किल्ल्या असलेले लोक फार नाहीत. आपल्यापैकी एकाने एक लाडके पुस्तक, थोर नसले तरी चालेल, शेजारच्या घरी नेऊन द्यावे. फरीदीला फरीदी म्हणूनच मराठीत आणावे, नाव न बदलता.